रोझरीचा नेम नोव्हेंबरमध्येच का मोडतो, आणि परत कसा धरायचा

एका तरुण आईने विचारलंय, तिचा प्रश्न थोडक्यात सांगते. ऑक्टोबरमध्ये आळीत घरोघरी रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवर म्हणायची मरियामातेची प्रार्थना, असते तेव्हा तिचा एकही दिवस चुकत नाही, पण नोव्हेंबर लागला की आठ-दहा दिवसांत नेम मोडतो. विरारहून अंधेरीला लोकलने नोकरीला जाते, घरी चार वर्षांचा मुलगा, नवरा रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येतो पण माळ हातात धरत नाही. रात्री अंथरुणात पडून सुरुवात करते तर पाचपैकी दुसऱ्या रहस्यातच (येशू-मरियेच्या जीवनातला एक प्रसंग मनात धरून म्हणायचे दहा मणी, म्हणजे एक रहस्य) झोप लागते, जागी असली तर मन भलतीकडे जातं. आता सतरा दिवस झाले एकदाही झालेली नाही, तर ते सतरा दिवस भरून काढायचे का? आणि आजीची माळ तुटलीय, तिचं काय करायचं?

अगं, आधी सतरा दिवसांचं बोलते कारण खरी गाठ तिथेच आहे. भरून काढायचे नाहीत. एकही नाही. रविवारची मिस्सा आपल्यावर बंधनकारक आहे, रोझरी नाही, चर्चने ती आपल्यासारख्या सामान्य भाविकांवर सक्तीची केलेली नाही, त्यामुळे ती चुकली म्हणजे पाप झालं असं अजिबात नाही. मी वसईची, बँकेत बत्तीस वर्षं काढली, थकबाकी या शब्दाशी माझा रोजचा संबंध होता, आणि प्रार्थनेतही मी तेच करत बसले होते. धाकटी झाली तेव्हा आठवडाभर माळ व्हायची नाही, मग रविवारी दुपारी एकदम तीन-चार रोझऱ्या म्हणायला बसायचे, अर्ध्यात मुलगी रडायची, राहिलेलं पुढच्या आठवड्यावर जायचं, असं करत करत बाकी इतकी वाढली की माळेकडे बघितलं तरी छातीवर दडपण यायचं, आणि मग मी बघणंच बंद केलं. जवळजवळ सहा वर्षं माळ कपाटात होती. शेवटी कन्फेशनमध्ये, म्हणजे पापांची कबुली द्यायला गेले तेव्हा, एका वयस्कर फादरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, मरियामाता वही उघडून बसलेली नाही, आज कुठला वार आहे ते बघ आणि आजचं रहस्य म्हण. एवढंच. कुठल्या वारी कुठली रहस्यं ते ठरलेलं असतं, शेवटी सांगते. मी त्या संध्याकाळी म्हटलं, आणि त्यानंतर गेली पंचवीस वर्षं नेम चालू आहे. मधे खंड पडले, बरेच पडले, पण दर वेळी दुसऱ्या दिवशी त्या दिवसाच्या रहस्यापासून सुरुवात केली, मागचं मोजलं नाही. आळसाने नेम मोडलेले मी फार थोडे पाहिलेत, या मोजण्याने मोडलेले मात्र खूप पाहिलेत. आमच्या एससीसीत, म्हणजे आळीतल्या छोट्या समूहात, रोझरी घ्यायचं काम वीस-एक वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून हे खात्रीने सांगते.

आता ऑक्टोबरचं. तुला वाटतं ऑक्टोबरमध्ये तुझी भक्ती जास्त असते आणि नोव्हेंबरमध्ये कमी होते, तर तसं नाहीये. ऑक्टोबरमध्ये कोणाच्या घरी आहे ते ठरलेलं असतं, वेळ ठरलेली असते, शेजारीण दारातून हाक मारते, आल्तारावर, म्हणजे घरातल्या वेदीवर, कोणीतरी आधीच मेणबत्ती लावलेली असते आणि तुला फक्त जाऊन बसायचं असतं. १ नोव्हेंबरला हे सगळं एकदम काढून घेतलं जातं आणि तू मात्र पूर्ण पाच रहस्यं, तीही एकटीने, तीही दिवसभर दमल्यावर, म्हणायला निघतेस. कोणाचंही मोडेल. ऑक्टोबरला हे स्थान मिळालं ते ७ ऑक्टोबरच्या सणामुळे, १५७१ मध्ये लेपांतोच्या समुद्रात लढाई झाली त्या दिवसाच्या आठवणीतून तो सण आला, आणि १८८३ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी सगळा महिनाच रोझरीने पाळायला सांगितला, तेव्हापासून आपण तो पाळतोय. महिना चांगलाच आहे, पण त्याने आपल्याला एक सवय लावलीय की रोझरी म्हणजे कोणीतरी आपल्यासाठी मांडून ठेवलेली गोष्ट. उरलेले अकरा महिने ती मांडणी आपली आपल्याला करावी लागते, आणि ती लहान असावी लागते.

लहान म्हणजे किती, तर एक रहस्य. एक आमच्या बापा, दहा नमो मरिया, एक गौरव असो. घाई न करता म्हटलं तरी चार मिनिटांच्या आत होतं. पूर्ण रोझरी, सुरुवातीच्या क्रीडपासून, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीपासून, शेवटच्या नमो राणी या प्रार्थनेपर्यंत, पंधरा ते वीस मिनिटं घेते, आणि चार वर्षांच्या मुलाच्या आईकडे सलग वीस मिनिटं नसतात, हे मरियामातेला सांगायची गरज नाही, तिनेही मूल वाढवलंय. तर पहिले तीन महिने फक्त एक रहस्य. मन झालं तरी दुसरं म्हणू नकोस असं नाही म्हणत मी, जरूर म्हण, पण नेम एकाचाच धर. उत्साहाच्या दिवशी पाच म्हटली म्हणून उद्याचा नेम पाचाचा होत नाही. आणि चोपन्न दिवसांची नोव्हेना, म्हणजे इतके दिवस न चुकता रोज एक रोझरी, सत्तावीस दिवस मागण्यासाठी आणि सत्तावीस आभारासाठी, ती सुंदर आहे पण सवय लावायला ती घेऊ नकोस, विसाव्या दिवशी एक रोझरी राहिली की सगळं संपलं असं वाटतं. ती नंतर, नेम अंगवळणी पडल्यावर.

आणि हे एक रहस्य घड्याळाला बांधू नकोस, कामाला बांध. साडेसातला म्हणेन असं ठरवलं की साडेसातची लोकल चुकली तर रोझरीही चुकते. मी वसईहून चर्चगेटला जायचे, नायगाव मागे पडलं आणि खाडीचा पूल लागला की पर्समधून माळ काढायची हे माझं ठरलेलं होतं. उभी असो, बसलेली असो, पावसाळ्यात ओली असो. दोन पुलांच्या मधे ते पाणजू बेट आहे ना, तिथे पाणी दिसलं की हात आपोआप पर्सकडे जायचा, पहिल्या दोन महिन्यांत आठवण ठेवावी लागली, नंतर पूलच आठवण करून द्यायला लागला. गर्दीत पर्स उघडता आली नाही तर बोटातली अंगठी, ती दहा खाचांची रोझरी रिंग मिळते ना, तिच्यावर. तू विरारची, गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे पुलापर्यंत तू बऱ्यापैकी स्थिरावलेली असशील, तोच पूल घे किंवा दुसरं काही घे, पण रोज न चुकता येणारं काहीतरी घे. घरी राहणाऱ्या बायकांना मी सांगते, सकाळचा चहा गॅसवर चढवला की. रविवार आणि सुट्टीचा दिवस हा नोकरीवाल्यांचा कच्चा दुवा असतो बरं का, पूल येत नाही आणि माळ राहते, तर त्या दिवसासाठी वेगळी खूण आत्ताच ठरवून ठेव, मिस्सावरून परत येऊन घराचं कुलूप उघडायच्या आधी, असं काहीतरी.

फोनवर यूट्यूबची रोझरी लावतेस का ते तू लिहिलं नाहीस पण बऱ्याच जणी लावतात. लाव, पण तोंडाने बरोबर म्हण, नाहीतर महिन्याभरात ती रेडिओसारखी मागे चालू राहते आणि आपण भाजी निवडत असतो.

झोपेचं. बाळ येशूची संत तेरेजा, लिझूची, कार्मेल मठातली, तिने स्वतः लिहून ठेवलंय की एकटीने रोझरी म्हणणं तिला फार जड जायचं, कितीही प्रयत्न केला तरी मन लागायचं नाही. आणि प्रार्थनेत झोप लागते म्हणून ती स्वतःला बोल लावत नव्हती, लेकरं झोपलेली असोत की जागी, आईबापाला सारखीच प्रिय असतात असं तिचं म्हणणं होतं. चर्चने डॉक्टर, म्हणजे श्रद्धेची थोर शिक्षिका, ही पदवी दिलेली संत हे म्हणतेय, तेव्हा तू माळ हातात घेऊन झोपलीस तर शांत झोप. फक्त दिवसाचं एकुलतं एक रहस्य अंथरुणासाठी ठेवू नकोस. ते पुलावर होऊन जाऊ दे, रात्री जे होईल ते वरचं.

मन भरकटण्याबद्दल थोडं जास्त लिहिते कारण बायका या कारणाने माळ सोडतात आणि त्यांना वाटतं आपल्यात काहीतरी कमी आहे. पोप सहावे पॉल यांनी १९७४ च्या पत्रात स्पष्ट म्हटलंय की चिंतन नसेल तर रोझरी म्हणजे आत्मा नसलेलं शरीर. हे वाक्य मी तरुणपणी ऐकलं आणि घाबरले, कारण माझं चिंतन म्हणजे संध्याकाळी मासळी मिळेल का इथपर्यंतच जायचं. पण चिंतन म्हणजे डोळे मिटून तासभर समाधी नव्हे. दुसरे जॉन पॉल यांनी २००२ च्या ऑक्टोबरमध्ये रोझरीवर जे पत्र लिहिलं, ज्यात त्यांनी प्रकाशाची पाच रहस्यं नव्याने सुचवली, त्यात अगदी साध्या गोष्टी सांगितल्यात: रहस्याचं नाव घ्या, शुभवर्तमानातला त्या प्रसंगाचा छोटा उतारा वाचा, क्षणभर गप्प राहा, मग सुरू करा. तो गप्प राहण्याचा क्षण आपण सगळे खाऊन टाकतो. आळीतल्या रोझरीतही बघ, रहस्याचं नाव संपायच्या आत आमच्या बापा सुरू झालेलं असतं. मी हल्ली मुद्दाम थांबते, सुरुवातीला बायका माझ्याकडे बघायच्या की ही विसरली की काय, आता सवय झालीय.

दुसरी एक जुनी पद्धत आहे, काही देशांत अजून चालते आणि दोन्ही पोपांनी तिचा उल्लेख केलाय, की नमो मरियाच्या मधोमध येशूचं नाव येतं तिथे थांबून त्या रहस्याचे दोन शब्द जोडायचे. मंगळवारी दुःखाची रहस्यं असतील तर, येशू, ज्याला काट्यांचा मुकुट घातला. गुरुवारी प्रकाशाची असतील तर, येशू, ज्याने काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला. एकटी असशील तेव्हा हे करून बघ, मन दहा मण्यांत तीनदा तरी परत येतं, आणि तीनदा खूप झालं.

तिसरी माझी स्वतःची. एका मण्याला एक माणूस. दहा मणी म्हणजे दहा जण. पुलावर मी बँकेतली माणसं घ्यायचे, ज्या साहेबांशी पटायचं नाही त्यांनाही, काउंटरवर रडून गेलेल्या विधवा बाईला, प्यूनच्या आजारी मुलाला. हेतू असला की मन भरकटलं तरी माणसांकडेच भरकटतं आणि मग ते भरकटणंही प्रार्थनेतच जमा होतं. माझा मुलगा आखातात गेल्यापासून लितानीत, म्हणजे मरियेला एकेका नावाने हाक मारायच्या प्रार्थनेत, एका ठिकाणी मी नेहमी थांबते. पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या जूनमध्ये तीन नवी संबोधनं लितानीत घातली, त्यातलं एक आहे स्थलांतरितांचा दिलासा. आपल्या वसईत कोणाचं ना कोणाचं पोर बाहेर नाही असं घर दाखव.

आता नवऱ्याबद्दल. त्याला ओढू नकोस. माळ हातात देऊ नकोस, डोळ्यांनीही विचारू नकोस. रात्री मुलाला झोपवायच्या आधी आल्तारापुढे मेणबत्ती लाव आणि मुलाला घेऊन बस. मुलाला काम दे, अंगणातलं फूल मरियामातेपुढे ठेवायचं काम त्याचं, शेवटी मेणबत्ती विझवायचं काम त्याचं, मधे दहापैकी तीन नमो मरिया त्याच्या. तो इंग्लिश मीडियमला जाणार असेल तर तिथे हेल मेरी शिकवतील, त्याला पहिला अर्धा भाग इंग्लिशमध्ये म्हणू दे, तू दुसरा अर्धा मराठीत म्हण, काही बिघडत नाही, आमच्या घरी नातवंडांबरोबर असंच चालतं. चार वर्षांच्या पोराकडून दहाच्या वर अपेक्षा करू नकोस, कंटाळला की संपव, रागावून बसवलेली रोझरी त्याला मोठेपणी रागावलेलीच आठवेल. नवरा एखाद दिवशी मागे येऊन उभा राहील. राहिला तर बोलू नकोस काही, जागा करून दे. नाहीच आला तरी तुझं चालू ठेव.

पूल आणि मुलाची रात्र मिळून दोन रहस्यं झाली. पाच रहस्यं दिवसभरात अशी विखरून म्हटली तरी ती रोझरीच आहे. फक्त चर्चमध्ये किंवा कुटुंबात एकत्र म्हटल्यावर जी पूर्ण दंडमुक्ती, म्हणजे माफ झालेल्या पापांच्या उरलेल्या शिक्षेतून सुटका, मिळते, तिला पाच रहस्यं सलग लागतात, शिवाय कन्फेशन, कम्युनियन, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची ओढ सोडणं या नेहमीच्या अटी आहेतच. ते शनिवारी-रविवारी जमेल तेव्हा.

आणि एक गोष्ट मी सगळ्यांना सांगते, तुलाही सांगते, एक जोडीदारीण शोध. हे का म्हणते ते सांगितल्याशिवाय कळणार नाही. माझ्या मिस्टरांची किडनी गेली, दोन वर्षं डायलिसिस, शेवटचे अकरा दिवस ते आयसीयूत होते आणि मी बाहेर बाकावर. माळ मुठीत होती पण रहस्य कुठलं, वार कुठला, काही सुचत नव्हतं, बोटं मात्र पुढे सरकत होती कारण इतक्या वर्षांत त्यांना रस्ता पाठ झाला होता. पण नमो मरिया अर्धीच व्हायची. तुला माहीत आहे तिचे दोन भाग आहेत, पहिला लूकच्या शुभवर्तमानातून येतो, देवदूताचं अभिवादन आणि मग एलिझाबेथचे शब्द, आणि दुसरा, पवित्र मरियेपासूनचा, चर्चने मागाहून जोडला, १५६८ च्या प्रार्थनाग्रंथात तो आज आपण म्हणतो तसा पक्का झाला. त्या दुसऱ्या भागात येतं, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. ते शब्द माझ्या तोंडातून निघेनात. हजारो वेळा म्हटलेले शब्द. मी येशूच्या नावापर्यंत यायचे आणि थांबायचे, परत पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी आळीतल्या दोघी जणी आल्या, बाजूला बसल्या, त्यांनी काही विचारलं नाही, माझं अर्धं ऐकलं आणि दुसरं अर्धं त्यांनी म्हटलं. मग रोज कोणी ना कोणी यायचं. मी पहिलं अर्धं, त्या दुसरं. मिस्टर गेले त्या पहाटेही असंच चालू होतं. दफनानंतर नवव्या दिवसापर्यंत घरी रोझरी असते आपल्याकडे, त्यातल्या कुठल्यातरी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की आज दुसरं अर्धंही मीच म्हटलं.

तेव्हापासून मला कळलंय की ही प्रार्थना दोन तोंडांनी म्हणायची का असते. म्हणून जोडीदारीण. तुझी आई असेल, बहीण असेल, ऑफिसातली मैत्रीण असेल. रोज भेटायला नको, फोनवर एक रहस्य, तू अर्धं ती अर्धं, गप्पा न मारता. आठवड्यातून दोनदा झालं तरी पुरे. तू पुलावर माळ काढायला विसरलीस तर तिचा मेसेज येईल, तिला बरं नसेल तर तू करशील. आळीत ऑक्टोबर संपला की मी हल्ली जोड्याच लावून देते, पस्तीस घरांत गेल्या वर्षी नऊ जोड्या झाल्या आणि त्यातल्या सहा जोड्या लेंटपर्यंत, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळापर्यंत, टिकल्या, आधी लेंटपर्यंत जेमतेम दोन घरं उरायची.

वार लक्षात ठेवायला सोपे आहेत, सोमवारी आणि शनिवारी आनंदाची, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. एकच रहस्य म्हणणार असशील तर प्रत्येक वेळी पहिलंच घेऊ नकोस, या आठवड्यात पहिलं, पुढच्या आठवड्यात दुसरं, असं फिरव, नाहीतर वर्षभर देवदूत निरोप घेऊन येतच राहील आणि तू बेथलेहेमला पोचणारच नाहीस.

राहिली आजीची माळ. टाकून देऊ नकोस, आशीर्वाद झालेली वस्तू कचऱ्यात जात नाही, अगदीच कामातून गेली असेल तर वाडीत झाडाखाली स्वच्छ जागी पुरतात किंवा जाळतात. पण बहुतेक वेळा नुसती तार निसटलेली असते, बारीक पक्कड घेऊन कडी परत वळवली की होतं, नाही जमलं तर सणाच्या दिवसांत चर्चबाहेर माळा विकायला बसतात त्यांच्यातले काही जण दुरुस्तही करून देतात. मणी मोजून घे, क्रूसाकडची शेपटी धरून एकोणसाठ भरले पाहिजेत. एखादा हरवला असेल तर मिळेल त्या रंगाचा घाल. माझ्या माळेत तिसऱ्या रहस्यातला सातवा मणी निळा आहे, बाकी सगळे लाकडी, आणि त्या मण्यावर मी नेहमी तो बसवून देणाऱ्या म्हाताऱ्या बाबांसाठी म्हणते. दुरुस्त झाल्यावर मन साशंक असेल तर फादरांकडे नेऊन परत आशीर्वाद घे. पण ती दुरुस्त होईपर्यंत थांबू नकोस. उद्या पूल आला की बोटांवर मोज, दहाच तर आहेत.